म्हातारपणातला एकटेपणा आणि त्यावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं वयस्कर लोकांच्या सर्व्हेसाठी मुलाखती घ्यायचं काम केलंय, त्यामुळे ओळखीतले आणि त्यांच्या ओळखीतले असे बरेच जण मला प्रश्न पाठवतात, आणि गंमत म्हणजे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. सोपे आधी आहेत, अडचणीचे पुढे.

१. सोशल वेल-बिइंग म्हणजे नक्की काय हो? बाबांची शुगर-बीपी कंट्रोलमध्ये आहे, पैशाची अडचण नाही, मग अजून काय बघायचं?

शुगर-बीपी हे शरीराचं झालं. सोशल वेल-बिइंग म्हणजे माणसांच्या बाबतीत त्यांचं कसं चाललंय ते. मनातलं बोलायला कोणी आहे का, रात्री-अपरात्री काही झालं तर कोणाला हाक मारतील, आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे त्यांची कोणाला गरज लागते का, घरातलं काही ठरवताना त्यांना कोणी विचारतं का. नुसतं मिळणं नाही, देणं पण त्यात येतं. हे काही नवीन फॅड नाही, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) १९४८ पासून लागू असलेल्या घटनेतच आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही गोष्टी आहेत, फक्त तिसरीकडे लक्ष जायला आपल्याला फार वर्षं लागली.

२. एकटं राहणं आणि एकाकी वाटणं एकच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. एकटं असणं बाहेरून मोजता येतं, म्हणजे घरात किती जण, महिन्यात किती जण भेटले, किती फोन आले. एकाकी वाटणं आतलं असतं, जेवढी आणि जशी माणसं हवीत तेवढी नाहीत असं वाटणं. एकटी राहणारी बाई मजेत असू शकते आणि सात जणांच्या घरात आजोबा एकाकी असू शकतात. मी दोन्ही पाहिलेत.

त्यातही रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दोन प्रकार सांगितले होते. एक, कोणी अगदी जवळचं नसणं, आणि दुसरं, चार लोकांचं वर्तुळ नसणं. नवरा किंवा बायको गेल्यावर जो खड्डा पडतो तो पहिल्या प्रकारचा, तो ग्रुप जॉइन करून भरत नाही. रिटायर झाल्यावर किंवा घर बदलल्यावर होतो तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा, तिथे ग्रुपचा उपयोग होतो. कुठला खड्डा आहे ते न बघता उपाय केला की मग लोक म्हणतात "सगळं करून बघितलं, काही फरक नाही".

३. एकटेपणामुळे आयुष्य कमी होतं असं वाचलं, खरंय का की उगाच घाबरवतात?

संबंध आहे, आणि बऱ्यापैकी पक्का आहे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले, त्यात ३ लाखांहून जास्त माणसं होती, आणि ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. २०१५ च्या पुढच्या कामात त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या, मृत्यूची शक्यता माणसांपासून तुटलेल्यांमध्ये २९ टक्के, एकाकी वाटणाऱ्यांमध्ये २६ टक्के आणि एकटं राहणाऱ्यांमध्ये ३२ टक्के जास्त. डब्ल्यूएचओच्या सामाजिक जोडणीवरच्या आयोगाचा रिपोर्ट २०२५ मध्ये आला, त्यात जगात दर सहातला एक माणूस एकाकी आहे आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी याचा संबंध आहे असं म्हटलंय.

पण "एकटेपणा म्हणजे रोज १५ सिगरेटी" असले मेसेज फिरतात ना, ते आई-बाबांना फॉरवर्ड करू नका प्लीज. एकट्या माणसाला तू एकटा आहेस म्हणून लवकर मरशील असं सांगून कोणाचं भलं होणार आहे?

४. पण उलटंही असेल ना? आजारी माणूस बाहेर पडत नाही म्हणून एकटा पडतो. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

बरोबर पकडलंत. दोन्ही बाजूंनी होतं, गुडघे दुखतात म्हणून बाहेर जाणं बंद, बाहेर जाणं बंद म्हणून चालणं बंद, मग गुडघे अजून दुखतात, असं चक्र चालू राहतं. हे सोडवायचं असेल तर त्याच त्याच लोकांना वर्षानुवर्षं भेटत राहावं लागतं, आधी काय बिघडलं ते बघायला. म्हणून अमेरिकेत १९९२ पासून, इंग्लंडमध्ये २००२ पासून, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून २००४ पासून, चीनमध्ये २०११ पासून असे मोठे अभ्यास चालू आहेत, आणि भारतातल्या अशाच अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ ची. प्रश्न मुद्दाम सारखे ठेवतात म्हणजे देशादेशांत तुलना करता येते.

इंग्लंडच्या त्या अभ्यासातून २०१३ मध्ये एक गोष्ट पुढे आली जी मला फार महत्त्वाची वाटते. ५२ वर्षांवरच्या साडेसहा हजार लोकांमध्ये तब्येत वगैरे हिशोबात धरल्यावर माणसांपासून तुटलेलं असणं मृत्यूशी जोडलेलं राहिलं, पण एकाकी वाटण्याचा मृत्यूशी वेगळा संबंध उरला नाही. दुसऱ्या अभ्यासांत मात्र तो उरतो (प्रश्न ३ मधले आकडे बघा). म्हणजे हा विषय संपलेला नाही, आणि कोणी छातीठोकपणे एकच कारण सांगत असेल तर जरा सावध राहा.

५. एकाकीपणा मोजतात तरी कसा? त्याचं काय थर्मामीटर असतं का?

प्रश्नावली असते. सगळ्यात जास्त वापरली जाते ती तीन प्रश्नांची, मूळ २० प्रश्नांच्या मोठ्या स्केलवरून २००४ मध्ये छोटी केलेली. सोबत कोणी नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं क्वचितच, कधीकधी किंवा बऱ्याचदा, गुण १ ते ३, म्हणजे एकूण ३ ते ९. लक्षात आलं का, यात "तुम्ही एकाकी आहात का" असं कुठेच विचारलेलं नाही. मुद्दामच. सरळ विचारलं की लोक, विशेषतः पुरुष, पटकन "छे छे, मला काय झालंय" म्हणून मोकळे होतात.

आजूबाजूची माणसं मोजायला लुबेन स्केल आहे, त्यात सहा प्रश्न, ३० पैकी गुण, आणि १२ च्या खाली आलं तर लक्ष द्यायला हवं असं धरतात. घरच्या घरी परीक्षा घेतल्यासारखं हे विचारू नका, बोलता बोलता कळतं.

६. वय झालं की माणूस एकाकी होणारच, निसर्गनियमच आहे ना तो?

नाही. प्रश्न ३ मधल्या त्याच डब्ल्यूएचओ रिपोर्टमध्ये १३ ते २९ वयाच्या मुलामुलींमध्ये १७ ते २१ टक्के एकाकी असल्याचं आलंय, म्हणजे तरुणांची अवस्था काही फार भारी नाहीये. वयाने एकाकीपणा येत नाही, वयाबरोबर ज्या गोष्टी येतात त्याने येतो, जोडीदार जाणं, ऐकू कमी येणं, गाडी चालवणं सुटणं, मित्रांची अंत्ययात्रा.

१९६१ मध्ये एक थिअरी आली होती की म्हातारपणी माणूस आणि समाज एकमेकांपासून आपोआप सुटत जातात आणि ते चांगलंच असतं. तिच्यावर भरपूर टीका झाली, पण घराघरात अजून तीच चालते, "आता या वयात त्यांना कशाला त्रास" या वाक्यात ती अख्खी थिअरी बसलीय बघा.

७. आईच्या मैत्रिणी कमी कमी होत चालल्यात. काळजी करू का?

कमी झाल्या एवढ्यावरून नको. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांचं यावर १९९० च्या दशकापासून काम आहे. पुढचा काळ थोडा राहिलाय असं जाणवायला लागलं की माणूस ओळखीपाळखी गाळतो आणि जवळच्या मोजक्या माणसांना धरून ठेवतो. ती निवड असते. म्हणून किती गेल्या यापेक्षा कोण गेलं ते विचारा. लांबच्या दहा जणी सुटल्या तरी चालतं, पण जिच्याजवळ ती सगळं बोलायची ती एक गेली असेल तर ते प्रश्न २ मधलं पहिल्या प्रकारचं नुकसान आहे.

८. नेमकं कशाने फरक पडतो ते सांगा, थिअरी खूप झाली.

बरं. २०११ मध्ये मासी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एकाकीपणा कमी करायच्या उपायांचे ५० अभ्यास तपासले. उपाय चार जातीचे होते, लोकांशी वागायची कौशल्यं शिकवणं, आधार वाढवणं, भेटीगाठींच्या संधी वाढवणं, आणि इतरांबद्दलचे मनातले चुकीचे समज बदलणं. नीट चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासांत सगळ्यात जास्त फरक शेवटच्याने पडला. कारण फार दिवस एकटं राहिलेलं माणूस जरा धास्तावतं, समोरच्याचा साधा उशीर पण "मी नकोय यांना" असा वाचतं, मग तेच आधी दार लावून घेतं, आणि आपण म्हणतो बाबा तिरसट झालेत.

दुसरं म्हणजे काम. अमेरिकेतल्या ५० वर्षांवरच्या सुमारे १३ हजार लोकांच्या २०२० च्या अभ्यासात वर्षाला १०० तास किंवा जास्त, म्हणजे आठवड्याला दोनेक तास, स्वयंसेवी काम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं, हालचालीच्या अडचणी कमी होत्या, आयुष्याला अर्थ आहे असं जास्त वाटत होतं. डायबिटीस किंवा स्ट्रोकवर मात्र फरक दिसला नाही, जादू नाहीये ती.

माझं स्वतःचं मत विचाराल तर "बाबा, तुम्ही आराम करा" पेक्षा "बाबा, हे मला जमत नाहीये, बघता का" हे वाक्य जास्त कामाचं आहे. पण खरंच जमत नसलं पाहिजे हं, खोटं काम त्यांना लगेच कळतं.

९. मी रोज फोन करतो पण दोन मिनिटांत संपतो. "जेवलात? औषध घेतलं? बरं ठेवतो." याचा काही उपयोग आहे का?

हजेरी घेतल्यासारखा फोन आहे तो. टेक्सासमध्ये घरपोच जेवण घेणाऱ्या २४० लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०२१ मध्ये छापून आला, त्यातले निम्म्याहून जास्त ६५ च्या पुढचे. फोन करणारे कोण, तर १७ ते २३ वर्षांची पोरं, थोडंसं ट्रेनिंग दिलेली, कोणी तज्ज्ञ नाही. सांगितलं एवढंच होतं की समोरच्याला ज्यात रस आहे त्यावर बोला, ऐका, त्यांना बोलू द्या. पहिले पाच दिवस रोज फोन, नंतर आठवड्यात किती फोन हवेत ते त्या माणसाने ठरवायचं. चार आठवड्यांत ३ ते ९ च्या त्या स्केलवर (प्रश्न ५) फोन न आलेल्यांपेक्षा १.१ ने एकाकीपणा जास्त कमी झाला, नैराश्य आणि चिंता पण उतरली.

म्हणजे अनोळखी पोरांच्या फोनने झालं, तुमच्या का नाही होणार. औषधाचं विचारायचंच असेल तर शेवटी विचारा. आणि फोनची वेळ त्यांना ठरवू द्या, तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात म्हणून आठवण आली असं नको.

१०. बाबा चारचौघांत बसले तरी गप्प असतात, उठून आत जातात. डिप्रेशन असेल का?

असू शकतं, आणि दोन-तीन आठवडे झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असतील तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. पण आधी कान तपासलेत का? हे मी विचारते तेव्हा दहातल्या सात जणांचं उत्तर नाही असं येतं. चार जण एकदम बोलत असताना कमी ऐकू येणाऱ्याला नुसता गलका येतो, मग चुकीचं उत्तर देऊन हसू होण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायचं मार्गदर्शन, बाकीच्यांना सर्वसाधारण आरोग्य शिक्षण. २०२३ चा निकाल असा की सगळे मिळून बघितलं तर स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या घसरणीत फरक नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी कमी. आणि २०२५ मध्ये त्याच लोकांचं सामाजिक वर्तुळ बघितलं तर यंत्रवाल्यांनी सरासरी एक माणूस जास्त टिकवून ठेवलं होतं. एकच हो, पण त्या वयात एक माणूस म्हणजे किती ते तुम्हीच बघा. यंत्र घेऊन कपाटात ठेवलं तर अर्थातच काही होत नाही, पहिले काही आठवडे सवय व्हायला कोणीतरी सोबत लागतं.

११. व्हिडिओ कॉल, टॅब, ते रोबोट वगैरे घेऊन द्यावं का?

वाढदिवसाला द्या, पण त्यावर सगळं सोडू नका. २०२० मध्ये व्हिडिओ कॉलवरच्या अभ्यासांचा घाईघाईत पण नीट आढावा घेतला गेला तेव्हा निकषात बसणारे फक्त तीन अभ्यास सापडले, २०१ माणसं, सगळी नर्सिंग होममधली, आणि एकाकीपणात फारसा फरक दिसला नाही, पुरावाच तोकडा होता. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला पारो नावाचा सीलच्या पिल्लासारखा रोबोट डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात, काही जण त्याला कुरवाळून शांत होतात, काही जण ढुंकूनही बघत नाहीत. शिकवायला जो नातू शेजारी बसतो ना, टॅबपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होत असावा असा माझा संशय आहे.

१२. आम्ही काही जण मिळून जवळच्या वृद्धाश्रमात भेटी द्यायला जाणार आहोत. काय लक्षात ठेवायचं?

हा प्रश्न आला की मी एक जुनी गोष्ट सांगते. १९७६ मध्ये रिचर्ड शुल्झ या संशोधकांनी एका निवृत्तांच्या निवासात प्रयोग केला. कॉलेजची मुलं तिथल्या लोकांना भेटायला जायची. काही जणांना मुलं कधी आणि किती वेळ येतील ते स्वतः ठरवता यायचं, काहींना फक्त आधी कळवलं जायचं, काहींकडे मुलं अचानक टपकायची, आणि एका गटाकडे कोणीच नाही. ज्यांनी ठरवलं आणि ज्यांना निदान आधी कळलं ते दोन्ही गट सुधारले, तब्येत, उत्साह सगळ्यात. अचानक भेटीवाले जवळजवळ भेट नसलेल्यांसारखेच राहिले. इथपर्यंत छान.

मग प्रयोग संपला, मुलं गेली. १९७८ मध्ये शुल्झ आणि हानुसा यांनी पुढचं छापलं, आणि जे दोन गट सुधारले होते तेच नंतर जोरात घसरले होते. बाकीचे होते तसेच. अभ्यास छोटा होता, त्यावरून जगाचा नियम काढू नये, पण म्हाताऱ्या माणसांसोबत काम करणाऱ्यांच्या डोक्यात तो कायमचा बसलाय.

म्हणून तुम्हाला विचारते, सहा महिन्यांनी तुमच्यातले किती जण येणार आहात? दर रविवार जमणार नसेल तर महिन्यातून एकदाच जा, पण ठरलेल्या दिवशी जा. येणार नसाल तर आधी सांगा. कोणाला कोण भेटणार ते त्यांना निवडू द्या, "आज नको" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आणि कधीतरी थांबायचंच असेल तर नीट निरोप घेऊन, शक्यतो दुसऱ्या कोणाची ओळख करून देऊन थांबा. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावात एका वृद्धाश्रमात विद्यार्थ्यांना भाडं न घेता राहायला देतात, बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून राहायचं. ते चालतं कारण मुलं तिथंच राहतात, पाहुणी म्हणून येत नाहीत.

१३. लोकांत मिसळलं तर डिमेन्शिया टळतो का?

खात्रीने टळतो असं कोणी सांगू शकत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखे १४ धोके सांगितले, त्यात सामाजिक एकटेपणा आहे, ऐकू कमी येणं आहे, आणि सगळे मिळून जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया पुढे ढकलता किंवा टाळता येऊ शकतो असा अंदाज दिला. तो अख्ख्या लोकसंख्येचा हिशोब आहे, तुमच्या आईचा नाही. आणि इथे प्रश्न ४ चा घोळ पण आहेच, कारण डिमेन्शिया कळायच्या आधी कितीतरी वर्षं माणूस लोकांत जायचं टाळायला लागतो.

१४. आई-बाबांना एका अभ्यासात भाग घ्यायला बोलावलंय. फसवणूक तर नाही ना?

खऱ्या अभ्यासात त्यांना कळेल अशा भाषेत लेखी माहिती देतात, कुठल्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिलीय ते सांगतात, विचार करायला वेळ देतात, आणि कधीही कारण न देता बाहेर पडता येतं. भाग घ्यायला पैसे मागितले, ओटीपी किंवा बँकेचा नंबर विचारला, आत्ताच्या आत्ता सही करा म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. दिलेल्या नंबरवर फोन करण्यापेक्षा संस्थेचा नंबर स्वतः शोधून करा. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा, अभ्यास हा उपचार नसतो, त्यांना स्वतःला काही फायदा होईलच असं नाही. मुलाखत घेणारी मुलगी प्रेमाने बोलते, तिची वाट बघायला लागतात आणि ती परत दोन वर्षांनी येते. किंवा दुसरीच कोणी येते. (प्रश्न १२ आठवा.)

१५. मुलाखतीच्या वेळी मी शेजारी बसलो तर चालेल ना? त्यांना नीट आठवत नाही.

ऐकू येत नसेल किंवा त्यांनी स्वतः बोलावलं तर बसा. नाहीतर पलीकडच्या खोलीत जा. मुलगा समोर असताना "घरात तुम्हाला कोणी टाकून बोलतं का" याचं उत्तर कोण खरं देईल? डब्ल्यूएचओच्या अंदाजाने ६० च्या वरच्या दर सहातल्या एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारे वाईट वागणूक मिळालेली असते, आणि ती देणारे बऱ्याचदा जवळचेच. तुम्ही तसे नसाल हो, पण प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारावे लागतात. आणि मध्येच "नाही नाही, तिला तसं नाही वाटत" असं म्हणणारे नातेवाईक, तुम्हाला हात जोडते.

१६. आजीला डिमेन्शिया आहे. तिच्या वतीने मीच उत्तरं देऊ का?

सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात बरेच जण स्वतःला काय आवडतं, काय नको हे व्यवस्थित सांगू शकतात, प्रश्न लहान केले, घाई केली नाही की झालं. शिवाय नातेवाईक साधारणपणे त्या माणसाचं आयुष्य तो स्वतः सांगतो त्यापेक्षा जास्त वाईट आहे असं सांगतात, हे अभ्यासांत परत परत दिसलंय. कायदेशीर संमती तुम्ही दिली तरी तिची मर्जी वेगळी विचारावी लागते, आणि तिने तोंड फिरवलं, हात मागे घेतला तर ते नाहीच समजायचं, कागदावर सही असली तरी.

१७. दोघं आहेत एकमेकांना, मग एकटेपणाचा प्रश्नच कुठे येतो?

एक आजारी आणि दुसरा त्याचं सगळं करतोय असं असेल तर करणाऱ्याकडे आधी बघा. त्याला बाहेर पडता येत नाही, लोक आले तरी चौकशी आजारी माणसाची करतात, आणि आजार डिमेन्शियाचा असेल तर सोबत बसून बोलणारा जोडीदार हळूहळू हरवत जातो तो वेगळाच. आठवड्यातून ठरलेले दोन-तीन तास दुसऱ्या कोणीतरी थांबा आणि त्याला मोकळं करा. त्या वेळात त्याने काय करायचं ते सुचवू नका, झोपला तरी चालेल.

१८. आई म्हणते "मला कोणी नको, मी एकटीच बरी". खरं मानायचं का?

तीन शक्यता असतात. एक, खरंच तसंच आहे, ती आयुष्यभर तशीच होती, तिची स्वतःची कामं आहेत, दिवस भरलेला आहे. मग तिला सोडा, जबरदस्तीने मेळाव्याला नेऊ नका. दोन, आधी तशी नव्हती आणि गेल्या वर्षभरात झाली, तर काहीतरी बदललंय, कान, डोळे, लघवीवरचा कंट्रोल (हे कोणी सांगत नाही, बाहेर बाथरूम मिळेल का या भीतीनेच लोक घरी बसतात), पडायची भीती, किंवा प्रश्न १० मध्ये लिहिलंय तसं डिप्रेशन. तीन, तिला हवंय पण तुमच्यावर ओझं व्हायचं नाहीये.

तिसरी शक्यता ओळखायची सोपी खूण म्हणजे तुम्ही निघताना ती काय करते ते बघा. मी मुलाखत संपवून वही मिटली की कितीतरी जणांचं खरं बोलणं तिथून पुढे सुरू व्हायचं, दारात, चप्पल घालताना. म्हणून मी नंतर नंतर वही दहा मिनिटं आधीच मिटायला लागले.